अढीतले माइल्स: विमानाचे पॉइंट्स वापरताना पुरेपूर मोल कसं मिळवायचं

आमच्या कुडाळ-वेंगुर्ल्याकडे घरटी एक माणूस बाहेर असतो. कुणी जहाजावर, कुणी दुबई-मस्कतला, कुणी मुंबईत. रत्नागिरी, खेड, दापोलीकडेही तेच. या माणसांचा विमानप्रवास शहरातल्या चांगल्या कमावत्या माणसापेक्षा जास्त होतो, पण त्यांच्या खात्यात साठलेल्या माइल्सकडे, म्हणजे प्रवासावर विमान कंपनी देते त्या पॉइंट्सकडे, बघायला कुणाला सवड नसते. माझा धाकटा भाऊ जहाजावर आहे. दरवर्षी दोन-तीनदा कंपनी त्याला कुठल्या तरी बंदरापर्यंत विमानाने पाठवते आणि परत आणते. एकदा तो सुट्टीवर आला असताना सहज त्याची खाती उघडून बघितली. चार कंपन्यांत चार खाती निघाली, आणि त्यातल्या एकात ४१,००० माइल्स आदल्याच महिन्यात मुदत संपून गेले होते. तेवढ्यात आईबाबांचं आखाताचं जाणंयेणं झालं असतं. त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांच्या पॉइंट्सची वही मी ठेवते. आता शेजारपाजारचेही विचारायला येतात, म्हणून जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे.

आंबा अढीत घातला की आपण रोज हात फिरवून बघतो आणि तयार झालेला आधी काढतो. माइल्सची निगा तशीच राखावी लागते. त्यांवर व्याज मिळत नाही. उलट, एका तिकिटाला किती पॉइंट्स लागतील हे कंपनी स्वतः ठरवते आणि हवं तेव्हा वाढवते. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. त्यांच्या योजनेतले पॉइंट्स नंतर इंटरमाइल्स या नावाने राहिले खरे, पण ज्या विमानात बसायचं म्हणून लोकांनी ते साठवले होते, ते विमानच उरलं नव्हतं. त्यामुळे माझं पहिलं म्हणणं हे की पुढच्या दीड-दोन वर्षांत घरातलं कोण कुठे जाणार ते आधी ठरवा आणि त्या प्रवासापुरते पॉइंट्स साठवा.

आधी वही घाला

एक पान घ्या. योजनेचं नाव, सभासद क्रमांक, शिल्लक, मुदत कधी संपते, आणि खात्यावर नाव नेमकं कसं लिहिलं आहे, एवढे रकाने पुरेत. जुन्या ईमेलमध्ये शोधलं की विसरलेली खाती सापडतात. एअर इंडियाची पूर्वीची फ्लाइंग रिटर्न्स योजना आता महाराजा क्लब झाली आहे. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, त्यामुळे तिचं जुनं खातं असेल तर ते पॉइंट्स महाराजा क्लबमध्ये दिसतात का ते बघा. इंडिगोची ब्लूचिप योजना २०२४ पासून आहे.

नावाच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्या, कारण कोकणात घोळ इथेच होतो. एका घराला दोन आडनावं असणं आपल्याकडे नवं नाही. दाखल्यावर गावावरून पडलेलं आडनाव असतं, सातबाऱ्यावर दुसरंच. लग्नानंतर बायकांचं नाव बदलतं, पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा राहतो. माइल्सच्या खात्यावरचं नाव पासपोर्टाप्रमाणेच हवं. नसेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या. कागदपत्रं पाठवून दुरुस्ती व्हायला दिवस लागतात, आणि तिकीट काढायच्या दिवशी ती होत नाही.

जहाजावरच्यांसाठी आणखी एक. तिकीट एजंटाच्या ऑफिसातून निघतं आणि तिथे तुमचा सभासद क्रमांक कुणी घालत नाही. क्रूइंग ऑफिसला, म्हणजे जहाजावर माणसं पाठवणाऱ्या ऑफिसला, एकदाच लेखी कळवून ठेवा, तरीही राहिलाच तर चेक-इनच्या काउंटरवर सांगा. मरीन फेअरवर, म्हणजे जहाजावरच्यांसाठीच्या खास भाड्यावर, काही कंपन्या कमी माइल्स देतात, काही अजिबात देत नाहीत. तिकिटावर भाड्याच्या वर्गाचं एक इंग्रजी अक्षर छापलेलं असतं. ते त्या योजनेच्या तक्त्यात ताडून बघितलं की हा प्रश्न सुटतो. प्रवास झाल्यावरही राहिलेले माइल्स मागता येतात, पण त्याला मुदत असते. म्हणून बोर्डिंग पास फेकू नका. भाऊ आता घरी आला की पास थेट माझ्या हातात देतो.

मुदतीचे दोन प्रकार

हे नीट समजून घ्या, कारण इथे सर्वांत जास्त नुकसान होतं. काही योजनांत खात्यावर हालचाल झाली की सगळ्या शिल्लकीची मुदत पुढे सरकते. एव्हिऑस नावाच्या पॉइंट्सचं तसं आहे. कतार एअरवेजने २०२२ पासून हेच चलन घेतलं आहे, ब्रिटिश एअरवेजचंही तेच. छत्तीस महिने काहीच हालचाल झाली नाही तर ते जातात, मात्र मधे थोडे जरी कमावले किंवा खर्चले तर घड्याळ पुन्हा सुरू होतं. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक कमाईला स्वतःची मुदत असते आणि मधल्या हालचालीने ती लांबत नाही. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरचे माइल्स तीन वर्षांनी जातात. एमिरेट्स स्कायवर्ड्सचे माइल्सही किमान तीन वर्षं टिकतात आणि मग तुमच्या जन्ममहिन्याच्या अखेरीस जातात.

पहिल्या प्रकारात कार्डावरून थोडेसे पॉइंट्स वळवले तरी खातं जिवंत राहतं. दुसऱ्यात तारीख बघून आधी खर्चायचे, एवढाच उपाय. भावाचे गेले ते या दुसऱ्या प्रकारातले होते.

एकाच घरात चार खात्यांत थोडे थोडे पडले असतील तर कुटुंबाचं एकत्र खातं करता येतं का ते बघा. एमिरेट्समध्ये कुटुंबातल्या आठ जणांपर्यंत माइल्स एका ठिकाणी जमा करता येतात. कतार आणि ब्रिटिश एअरवेज या दोन्हीकडे तुमचंच खातं असेल तर ती जोडून एव्हिऑस इकडून तिकडे नेता येतात.

एका पॉइंटचे किती पैसे?

सगळा निर्णय या एका हिशेबावर उभा आहे. रोख तिकिटाची किंमत घ्या. पॉइंट्सवर तिकीट काढताना जे कर आणि शुल्क रोख भरावं लागतं ते त्यातून वजा करा. उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंट्सनी भागा. उत्तर येतं ते एका पॉइंटचं मोल.

आमच्या काकी मुलाकडे दुबईला जाणार होत्या तेव्हा पॉइंट्सच्या तिकिटावरही साडेसात हजार भरायचे दिसले. त्या म्हणाल्या, "फुकट असा ना, मगे पैशे कित्याक भरूचे?" प्रश्न अगदी बरोबर आहे. विमानतळाचं शुल्क आणि सरकारी कर पॉइंट्सनी फिटत नाहीत, आणि काही कंपन्या त्यावर इंधन अधिभारही लावतात. हा अधिभार कंपनीगणिक खूप बदलतो. म्हणून पॉइंट्सचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. शेवटच्या पानापर्यंत जा आणि रोख किती मागतात ते वहीत लिहा.

समजा, मुंबई-दुबई जाऊन-येऊन रोख तिकीट २४,००० रुपयांना आहे. पॉइंट्सवर ३०,००० आणि वर ७,५०० रुपये. म्हणजे १६,५०० भागिले ३०,०००, एका पॉइंटचे ५५ पैसे. आता डिसेंबरअखेरीस तेच रोख तिकीट ४६,००० ला गेलं, पण पॉइंट्स मात्र ३०,००० च राहिले, तर ३८,५०० भागिले ३०,०००, एका पॉइंटचे १ रुपया २८ पैसे. तीच सीट, तेच माइल्स आणि मोल दुपटीहून जास्त.

हे घडतं ते ठरावीक तक्ता असलेल्या योजनांत, जिथे अंतरावरून किंवा विभागावरून पॉइंट्स ठरतात. दुसऱ्या प्रकारच्या योजनांत पॉइंट्स भाड्याला बांधलेले असतात. भाडं ४६,००० झालं की तिथे ७०,००० पॉइंट्स मागतात, आणि मोल पुन्हा ५५ पैशांवरच येतं. तुमची योजना कुठल्या जातीची आहे हे ओळखायला सोपी युक्ती आहे. एक गर्दीचा दिवस आणि एक रिकामा दिवस घ्या, दोन्हीकडे पॉइंट्स किती लागतात बघा. आकडा हलला नाही तर तक्ता आहे. तसं असेल तर ते पॉइंट्स महाग दिवसांसाठी राखा आणि स्वस्त दिवसांत सरळ पैसे देऊन जा. भाड्याला बांधलेले असतील तर राखून काही फायदा नाही, पहिल्या उपयोगी प्रवासाला ते वापरून टाका.

अजून एक बारकावा. रोख तिकिटावर नवे माइल्स मिळतात, पॉइंट्सच्या तिकिटावर सहसा मिळत नाहीत. वरच्या उदाहरणात रोख तिकिटावर १,५०० मिळणार असतील तर भागताना ३१,५०० ने भागा. मोल ५२ पैशांवर येतं. फरक थोडा आहे, पण निर्णय काठावरचा असेल तेव्हा उपयोगी पडतो.

बिझनेस क्लासचा हिशेब करताना स्वतःला फसवू नका. समजा अमेरिकेकडचं एका बाजूचं तिकीट बिझनेसमध्ये १,८०,००० ला आहे, साध्या वर्गात ५५,००० ला. पॉइंट्सवर बिझनेसला ९०,००० आणि १२,००० रुपये. कागदावर एका पॉइंटचे १ रुपया ८७ पैसे दिसतात. पण तुम्ही १,८०,००० रोख कधी दिले असते का? साध्या वर्गाशी तुलना केली तर ४८ पैसेच पडतात. खरं मोल या दोहोंच्या मधे कुठे तरी असतं. स्वतःला विचारा, आईचे गुडघे बघता झोपून जाण्याच्या सोयीसाठी मी खिशातून किती दिले असते? उत्तर ९०,००० असेल तर मोल ८७ पैसे झालं. म्हाताऱ्या माणसाच्या पंधरा-सोळा तासांच्या प्रवासासाठी मला ते योग्य वाटतं. तीन-साडेतीन तासांच्या आखाती प्रवासासाठी मी कधीच देणार नाही.

कार्डाचे पॉइंट्स: घाईने वळवू नका

क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स बिलात वळते करता येतात, त्यांची व्हाउचरं घेता येतात किंवा ते विमान कंपनीकडे पाठवता येतात. समजा कार्डावर ४०,००० आहेत. बिलात वळते केले तर बँक २५ पैशांनी १०,००० रुपये देते. व्हाउचर ५० पैशांनी घेतलं तर २०,००० चं मिळतं. विमान कंपनीकडे दोनास एक या दराने पाठवले तर २०,००० माइल्स होतात. ते १ रुपया २८ पैशांच्या प्रवासाला वापरले तर २५,६०० रुपये वसूल होतात, पण ५५ पैशांच्या प्रवासाला वापरले तर ११,०००, म्हणजे व्हाउचरपेक्षाही कमी. त्यामुळे "माइल्सच नेहमी चांगले" असं जे सांगितलं जातं, ते मला पटत नाही. तुमच्या कार्डाचे दर वेगळे असतील, आकडे बदलून हा हिशेब स्वतः करा. बँक वळवण्याचं शुल्क आणि त्यावर जीएसटी घेत असेल तर तेही वजा करा.

एकदा विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट्स कार्डावर परत येत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा. आधी विमान कंपनीचं खातं उघडून कार्डाशी जोडा. मग हव्या तारखेला सीट आहे हे डोळ्यांनी बघा. त्यानंतरच पॉइंट्स वळवा, आणि लागतील तेवढेच. काही ठिकाणी ते क्षणात पोहोचतात, काही ठिकाणी दिवस लागतात आणि तोवर सीट जाऊ शकते. म्हणून पहिल्यांदा अगदी थोडे पाठवून किती वेळ लागतो ते बघून ठेवलेलं बरं.

कुठल्या विमानतळावरून?

मुंबई-पुण्याच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, आपल्याला पडतो. सावंतवाडी-कुडाळच्या माणसाला गोव्यातलं मोपा हाताशी आहे. तिथला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, आणि तिथून आखाताकडेही विमानं आहेत. शोधताना एक चूक फार जण करतात. गोव्याचे विमानतळ दोन आहेत. त्यांचे कोड वेगळे: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. नुसतं "गोवा" टाकून जे दिसेल ते घेतलं तर पेडण्याऐवजी वास्कोला उतरायची पाळी येते. आमच्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचा कोड एसडीडब्ल्यू. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, पण विमानं मोजकीच, म्हणून त्या महिन्याचं वेळापत्रक बघून मगच बेत करा. रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या लोकांनी आता नवी मुंबईचा, म्हणजे एनएमआयचाही शोध घ्यावा. पनवेलजवळ असल्याने मुंबईची गर्दी ओलांडावी लागत नाही.

हिशेब उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत करा. मुंबईहून ३०,००० पॉइंट्स लागतात आणि मोपाहून ३६,००० म्हणून मुंबई स्वस्त, असं लगेच ठरवू नका. कुडाळहून मुंबईला दोन माणसं सामानासह न्यायची म्हणजे रेल्वेचं तिकीट मिळालं तर ठीक, नाहीतर गाडीभाडं, वाटेतलं जेवण आणि बहुधा एका रात्रीचा मुक्काम. हा खर्च वाचलेल्या पॉइंट्सच्या मोलाशी ताडून बघा. दोन माणसांचे १२,००० पॉइंट्स ५५ पैशांनी ६,६०० रुपयांचे होतात. एवढ्यात मुंबईचं जाणं, राहणं आणि परत येणं भागतं का? आमच्या घरी कधीच भागलेलं नाही.

सीट शोधायची कशी

पॉइंट्सवर मिळणाऱ्या स्वस्त सीटा प्रत्येक विमानात थोड्याच असतात. बऱ्याच कंपन्या अकरा-बारा महिने आधी त्या उघडतात, आणि प्रवासाच्या शेवटच्या एक-दोन आठवड्यांत रिकाम्या राहिलेल्या पुन्हा सोडतात. मधला काळ कोरडा असतो. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना हे फार उपयोगी आहे. चतुर्थी कधी आहे हे वर्षभर आधी माहीत असतं. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. त्यामुळे यंदाचं विसर्जन झालं की पुढच्या वर्षीची तारीख टाकून शोधायला लागा. मे महिना आणि नाताळ यांनाही हाच नियम लावा.

चौघांसाठी एकदम शोधलं आणि "उपलब्ध नाही" असं आलं तर निराश होऊ नका. एका माणसासाठी शोधा, मग दोघांसाठी. तीन सीटा असतील आणि तुम्ही चार मागत असाल तर यंत्र तीनही दाखवत नाही. तिघांचं पॉइंट्सवर आणि एकाचं रोखीने काढता येतं. जाणं आणि येणंही वेगवेगळं शोधा. जाताना पॉइंट्स, येताना पैसे असं पुष्कळदा फायद्याचं ठरतं.

तुमच्या योजनेच्या भागीदार कंपन्याही तपासा. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्यात सिंगापूर एअरलाइन्स आणि लुफ्तान्साही आहेत. म्हणजे क्रिसफ्लायरचे माइल्स एअर इंडियाच्या विमानासाठीही वापरता येतात. कतार एअरवेज वनवर्ल्ड गटात आहे. एमिरेट्स आणि एतिहाद अशा कुठल्याच गटात नाहीत, त्यांचे भागीदार त्यांच्या त्यांच्या पानावर बघावे लागतात. भाऊ सिंगापूरहून जहाजावर चढतो म्हणून साठलेले माइल्स आमच्या आईबाबांनी दिल्लीच्या प्रवासाला वापरले, ते याच वाटेने.

तिकीट काढताना आणि नंतर

दुसऱ्याच्या नावे तिकीट काढायचं असेल तर काही योजना आधी त्या माणसाची नॉमिनी म्हणून नोंद मागतात. ती नोंद लागू व्हायला वेळ लागू शकतो, म्हणून आईवडील, बायको-नवरा, मुलं यांची नावं आजच घालून ठेवा. रद्द केल्यास पॉइंट्स परत येतात का, शुल्क किती, हे पैसे भरण्याआधी वाचा.

तिकीट आल्यावर सहा अक्षरी पीएनआर आणि तेरा आकडी तिकीट क्रमांक दोन्ही आहेत का बघा. भागीदार कंपनीचं विमान असेल तर प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या कंपनीच्या साइटवर ते बुकिंग दिसतं का तपासा. वयस्कर माणसासाठी व्हीलचेअरची मागणी तेव्हाच नोंदवा. सामान किती नेता येतं तेही तिथेच वाचा. आंबापेटीचं वजन गृहीत धरूनच मोजा.

मोपा-मुंबई एका तिकिटावर आणि मुंबईहून पुढचं दुसऱ्या तिकिटावर असेल तर पहिलं उशिरा पोहोचल्यास दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. रेल्वेने मुंबई गाठून विमान पकडणाऱ्यांचंही तसंच. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, दरड आली तर थांबतात. जून ते ऑक्टोबर या काळात मी एक पूर्ण दिवस मधे ठेवते, आणि तो मुक्कामाचा खर्च सुरुवातीच्या हिशेबातच धरते.

"तुमचे रिवॉर्ड पॉइंट्स आज संपत आहेत" असा मेसेज आणि सोबत लिंक आली तर ती उघडू नका. ओटीपी मागणारा माणूस बँकेचा नसतो. वहीत तारीख लिहिलेली असली की असल्या मेसेजने धांदल होत नाही. कुणी माइल्स विकत मागितले तरी देऊ नका, बहुतेक योजनांच्या नियमांत ते बसत नाही आणि खातं बंद होऊ शकतं.

तिकीट निघालं म्हणून शोध थांबवू नका. महिन्यातून एकदा तीच तारीख पुन्हा बघा. पॉइंट्स कमी झाले असतील आणि रद्द करण्याचं शुल्क त्या फरकाहून कमी असेल, तर आधी नवं काढा आणि मग जुनं रद्द करा. काकींच्या दुबईच्या तिकिटाचं असंच झालं. आधी ३०,००० ला काढलेलं, दीड महिन्याने २२,००० ला दिसलं. सुटलेले ८,००० आता त्यांच्या वहीच्या पानावर आहेत, आणि नातवाच्या बारशाला पुन्हा जायचं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने शेजारी मुदतीची तारीख लिहून ठेवली आहे.